रस्त्याची पाठ

आमच्या उताराच्या तोंडाशी किन्मोकुसेईचं एक झाड आहे. वर्षभर ते तिथे उभं आहे याची कुणाला आठवणसुद्धा नसते. मग ऑक्टोबर येतो, दसरा जवळ येतो, आणि एका सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरावं तर सगळी गल्ली वासाने भरलेली. फुलं म्हणाल तर पारिजातकाच्या देठाएवढी, नारिंगी, पानांच्या बेचक्यात दडलेली. वास मात्र पिकल्या जर्दाळूवर कुणी अत्तर सांडावं तसा. योकोहामातल्या बायका या वासाने हळव्या होतात, शाळेतल्या गोष्टी काढतात. मला या वासाबरोबर ग्रीसचा वास येतो. नाइलाज आहे.

कारण आमच्या घरात हा ऋतू म्हशीचा असतो. म्हैस म्हणजे माझ्या सासऱ्यांची गाडी. जुनी अमेरिकी, आठ सिलिंडरची, दोन दारांची, लांबच लांब नाकाची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. माझी मुलगी मीना तिला कुजिरा म्हणते, म्हणजे देवमासा. मी चिंचवडची, मला देवमासा कुठून सुचणार? पहिल्यांदा ती गाडी आमच्या इवल्याशा गल्लीतून वळताना पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "अरे देवा, म्हैस!" तेव्हापासून म्हैसच.

जपानात गाडीला दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते. तिला शाकेन म्हणतात. नापास झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. बहुतेक लोक गॅरेजवाल्याच्या हाती किल्ली देऊन मोकळे होतात. माझे सासरे, त्यांना मी सगळ्यांसारखी ओतोसान, म्हणजे वडील, म्हणते, गाडी स्वतः घेऊन जातात. म्हशीची मुदत ऑक्टोबरच्या अखेरीस संपते. म्हणजे किन्मोकुसेई दर वर्षी फुलते, पण आमचा खरा ऋतू एक वर्षाआड येतो. यंदा तो आलाय. आज सकाळी वास आला आणि मला गेल्या खेपेचा ऑक्टोबर जसाच्या तसा आठवला.

ओतोसान आयुष्यभर बंदरात क्रेन चालवत होते. उंच खोलीत बसून, खाली जहाजावरचा कंटेनर उचलायचा आणि दुसऱ्या कंटेनरच्या डोक्यावर असा ठेवायचा की आवाज होता कामा नये. आवाज झाला तर खालचे लोक वर बघायचे, असं ते सांगतात. वर बघायची वेळ त्यांनी फारशी आणली नाही. बोलणं बेताचं, चालणं नाकासमोर, आणि हात असे स्थिर की चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवला हे कळतसुद्धा नाही. माझ्या हातून कप म्हणजे घंटा वाजते. त्यांच्या लहानपणी योकोहामातल्याच होनमोकू भागात अमेरिकी सैनिकांची वस्ती होती. तिथल्या कुंपणाच्या आतून अशा गाड्या फिरायच्या आणि हे बाहेरून बघायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तसली गाडी घ्यायची म्हटली, तेव्हा सासूबाईंनी एकदाच नाक मुरडलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, घ्या काय घ्यायचं ते. आता त्या नाहीत. म्हैस आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी म्हशीचे पुढचे पाय सोडवले होते. रबरी बुश वाळून फुटले होते, चाकांचे सांधे खिळखिळे झाले होते. नवे भाग अमेरिकेहून मागवले. ते बसवल्यावर पुढची चाकं पुन्हा जुळवावी लागतात, अलाइनमेंट. आणि गाडीचं मूळ पुस्तक इंग्रजीत. तिथे माझी वर्णी लागली. जुलैच्या उकाड्यात, डासांची उदबत्ती पायाशी लावून मी स्टुलावर बसून वाचत होते आणि ओतोसान गाडीखालून "हं", "पुन्हा", "हं" म्हणत होते.

मला तोवर चाक म्हणजे चाक एवढंच ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात कळलं की चाकाच्या स्वभावाच्या तीन गोष्टी असतात. टो म्हणजे माणूस चालताना पावलं आत टाकतो की बाहेर फाकवतो, ते. कॅम्बर म्हणजे चाक ताठ उभं आहे की कललेलं. आणि तिसरा कास्टर, तो डोळ्यांना दिसत नाही. सायकलचा पुढचा चिमटा कसा तिरका असतो, खाली पुढे आलेला. हात सोडले तरी सायकल सरळ जाते ती त्या तिरकेपणामुळे. गाडीच्या चाकाचाही तसाच एक तिरकेपणा असतो. म्हशीत तो कमीजास्त करायचा म्हणजे वरच्या दांडीच्या बोल्टमागे पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या किंवा काढायच्या. एक चकती पुढच्या बोल्टवरून मागच्या बोल्टवर नेली की चाकाचा स्वभाव बदलतो. मी हसले तर ओतोसान गाडीखालूनच म्हणाले, "माणसाचाही इतक्यानेच बदलतो."

पुस्तकात डाव्या चाकाचे आकडे वेगळे होते, उजव्याचे वेगळे. मी डावं वाचलं, त्यांनी डावं लावलं. मी उजवं वाचलं, त्यांनी उजवं लावलं. आम्ही दोघंही पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारी माणसं. मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, जे लिहिलंय तसं चालतं का, एवढंच दिवसभर. आणि त्यांनी तर जन्मात कुठली सूचना डावलली नसेल. काम झाल्यावर आम्ही बर्फ घालून बार्लीचा चहा प्यायलो आणि एकमेकांची पाठ थोपटायचीच काय ती बाकी होती.

मग सप्टेंबर आला आणि म्हैस डावीकडे जाऊ लागली.

म्हणजे आता मी असं म्हणते. तेव्हा घरात असं कुणीच म्हणालं नाही. तेव्हा सगळे म्हणत होते, ओतोसान डावीकडे जाऊ लागलेत.

आधी खालच्या रस्त्यावर एका कुंडीला धक्का. मग टोफूवाल्याच्या कोपऱ्यावर डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. म्हशीचं स्टिअरिंग अमेरिकी पद्धतीने डाव्या बाजूला आहे, तेव्हा डावं चाक चालवणाऱ्याच्या थेट पुढ्यात. संध्याकाळी जेवताना माझ्या नवऱ्याने, ताकेशीने, विषय काढला. ताकेशी भांडखोर नाही. तो घाबरला की फार हळू बोलतो, आणि त्या दिवशी फारच हळू बोलत होता.

"तोसान, आज चाक घासलं ना?"

"घासलं."

"डावं?"

"डावं."

"तुम्ही तर त्याच बाजूला बसता."

ओतोसाननी सुपाचा वाडगा खाली ठेवला. आवाज आला नाही. "हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

टीव्हीवर एका म्हाताऱ्या माणसाने दुकानात गाडी घुसवल्याची बातमी लागली होती. अशा बातम्या इथे वरचेवर लागतात, आणि वय झालेल्यांनी आपण होऊन लायसन परत करावं म्हणून पोलिसांची पत्रकं घरी येतात. ताकेशीने रिमोट शोधेपर्यंत ती बातमी पूर्ण सांगून झाली. मीना भातात चॉपस्टिक्स फिरवत बसली होती. मला ताकेशीचा राग आला आणि तो चूक बोलला असंही म्हणता येईना. उद्या एखादं पोर त्या कडेला उभं असलं तर? आपलेच दात, आपलेच ओठ.

ओतोसाननी वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते वाद घालत नव्हते, हेच मला खात होतं. त्यांचा डावा खांदा जुना दुखरा. त्यांनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता: गाडी पुस्तकाप्रमाणे लावलेली आहे, म्हणजे गाडी बरोबर. उरलं कोण? हात. ज्या हातांनी आयुष्यभर आवाज न करता लोखंड ठेवलं, ते हात आता डावीकडे सरकतात आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात मी त्यांना स्टेशनपाशी पाहिलं. मी कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घेऊन बाहेर पडत होते. फुटपाथवर अंध लोकांसाठी उठावाच्या पिवळ्या फरशांची पट्टी असते. ओतोसान त्या पट्टीवरून चालत होते. मान ताठ, नजर समोर, एकापुढे एक पाऊल. थोडं चालायचे, थांबायचे, आणि मग खाली बघायचे, पाय कुठे पडलेत ते. परत वळायचे, पुन्हा चालायचे. आपण डावीकडे जातोय का, हे बघत होते. येणारे-जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी मागच्या मागे दुकानात शिरले आणि ओनिगिरीच्या, भाताच्या मुटक्यांच्या, फळीसमोर, जणू कुठली घेऊ हा फार मोठा प्रश्न पडलाय, अशी उभी राहिले. ते गेल्यावर बाहेर आले. घरी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "ओतोसान, म्हैस मला चालवू द्या."

"तू?"

"माझ्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धं चिंचवड त्यांनी शिकवलंय."

"तू छोटी गाडी चालवतेस."

"म्हणूनच मोठी मागतेय."

माझ्या बाबांचा एक मंत्र होता: गाडीला नावं ठेवू नका, आधी आपले हात बघा. शिकाऊ माणूस क्लच जड आहे म्हणाला की बाबा म्हणायचे, क्लच नाही जड, तुझा पाय आळशी आहे. त्या मंत्रावर वाढलेली मुलगी मी, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की बाबांचा मंत्र उलटा करून बघावा. माझं रोजचं कामही तेच आहे. ऑफिसात काही बिघडलं की सगळे आधी म्हणतात, वापरणाऱ्याने चुकीचं बटण दाबलं. निम्म्या वेळा बटणाचीच चूक निघते.

बंदराकडच्या रुंद रस्त्यावर मी म्हैस काढली. डावीकडे बसून डाव्या बाजूने चालवायचं, म्हणजे फुटपाथवरच्या माणसांच्या मांडीला मांडी. उजवीकडे, जिथे या देशात चालवणारा बसतो, तिथे ओतोसान हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. आणि गाडी ओढत होती. हळूच, पण चिवट, बाजारात लहान मूल आपलं बोट धरून खेळण्याच्या दुकानाकडे ओढतं ना, तशी. डावीकडे.

"ओढतेय!" मी म्हटलं.

"तुला या बाजूला बसायची सवय नाही," ते म्हणाले.

"ओतोसान, मी सांगतेय, ओढतेय."

पुढे धक्क्याजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी गाडी घातली. तिथे सपाट सिमेंट. हात सैल सोडले, तर म्हैस जवळजवळ सरळ! जराशी डावी, असून नसल्यासारखी. झालं! माझी वकिली तिथेच आटोपली. ओतोसान शांतपणे म्हणाले, "बघ. गाडी बरोबर आहे." त्यांचा चेहरा बघवेना. स्वतःवरचा आरोप शाबीत झाल्याचं समाधान असल्यासारखा तो दिसत होता.

यात आणखी एक गंमत होती, आणि ती मुळीच गमतीची नव्हती. शाकेनमध्ये पुढची चाकं तपासतात ती एका पत्र्यावरून हळू चालवून. पत्रा बाजूला किती सरकला ते यंत्र बघतं आणि फलकावर गोल उमटला तर पास, फुली तर नापास. पण ते यंत्र बघतं फक्त पावलं, टो. कास्टरशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे म्हैस तशीच ओढत राहिली असती आणि तरी पास झाली असती. सरकारच्या शिक्क्यानिशी गाडी निर्दोष, आणि ओतोसान दोषी. मला त्या विचाराने झोप लागेना.

दसऱ्याला सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आता ते थकलेत, ड्रायव्हिंग स्कूल केव्हाच बंद झालं, पण दारातल्या जुन्या स्कूटरला अजून झेंडूचा हार घालतात. मीनाने आजोबांना "हॅप्पी दसरा" केलं आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना जपानीत उत्तरं दिली. बाबा त्यालाही "वा, वा" म्हणत होते. मग मी फोन घेतला आणि सगळी कथा सांगितली. बाबांनी आधी मंत्र म्हटला, हात बघा म्हणून. मग एकदम थांबले.

"सपाट जागी सरळ जाते म्हणतेस?"

"जवळजवळ."

"आणि रस्त्यावर ओढते. अगं, रस्ता कुठे सपाट असतो? विसरलीस का? कासव."

कासव! बाबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे: रस्ता म्हणजे कासवाची पाठ. मधे उंच, कडेला उतरता, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे आपण कासवाच्या डाव्या कुशीवर. गाडी मुळातच डावीकडे उतरू बघते.

"पण सगळ्याच गाड्या उतरू बघतात ना बाबा. हीच एवढी का?"

"ते मला काय माहीत! तुझी म्हैस तिकडची. तिकडे तर लोक उजवीकडून चालतात."

मी फोन तसाच टेबलावर टाकला आणि पुस्तक आणायला धावले. जुलैत मीच वाचलेलं वाक्य, माझ्याच आवाजात. डाव्या चाकाचा कास्टर उजव्यापेक्षा थोडा कमी ठेवावा, म्हणजे रस्त्याच्या उताराची भरपाई होते. ज्या चाकाचा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी झुकते. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, उजवीकडे उतरतात, म्हणून पुस्तकाने गाडीला थोडं डावीकडे झुकवून ठेवलंय. तिकडे ते शहाणपण. इथे आमचा रस्ता आधीच डावीकडे उतरलेला आणि त्यावर आम्ही दोघांनी, उकाड्यात घाम गाळून, गाडीही डावीकडे झुकवून ठेवलेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास!

"अगं बाई!" मी इतक्या जोरात ओरडले की मीनाने कानातली इअरफोनची बटणं काढली. टेबलावरच्या फोनमधून बाबा विचारत होते, "काय झालं गं? काय झालं?"

ओतोसानना समजावायला मी कढई पालथी घातली. हा अमेरिकेचा रस्ता, हा आपला. हे लिंबू म्हणजे म्हैस. लिंबू कढईवरून एकदा उजवीकडे घरंगळलं, एकदा डावीकडे. त्यांनी दोन्ही वेळा नीट पाहिलं.

"पुस्तकात तसं आहे," ते म्हणाले.

"पुस्तक तिकडच्या रस्त्यासाठी आहे, ओतोसान."

ते उठले, शेडमधून गवंड्याची लेव्हल काढली आणि चपला घालून बाहेर पडले. मी मागोमाग. उतारापलीकडच्या खालच्या रस्त्यावर, सकाळची वेळ, रहदारी नाही, ते कडेला उकिडवे बसले आणि लेव्हल डांबरावर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा रस्त्याच्या मधोमधच्या बाजूला गेला. लेव्हल उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा तिकडेच. बराच वेळ बघत राहिले.

"या रस्त्याने इतकी वर्षं गेलो," ते म्हणाले. "रस्त्याला पाठ असते हे ठाऊक होतं. पुस्तकालाही स्वतःचा रस्ता असेल हे लक्षात आलं नाही." मग स्वतःशीच म्हणाले, "मग हात..."

आणि माझा बांध फुटला. मी चक्क मराठीत ओरडले, "हात चांगले आहेत हो तुमचे! काही झालेलं नाही तुमच्या हातांना!" डोळ्यांतून पाणी, भर रस्त्यात. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि लेव्हलवरची धूळ बाहीने पुसली.

दुपारी कामाला लागलो. आमच्या गाडीच्या जागेची जमीन तिरकी, योकोहामात सपाट काही मिळतच नाही. चाकांखाली फरशीच्या टाइल्स रचून ती सारखी केली. पुढच्या चाकांखाली टाइल्सच्या जोड्या, दोन टाइल्सच्या मधे ग्रीस, म्हणजे चाक आपल्या मर्जीने बसतं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणली, एका स्टँडपासून दुसऱ्यापर्यंत, आणि दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेचं अंतर, मागच्या कडेचं अंतर मोजलं. डाव्या चाकाची चकती पुढून काढून मागे. उजव्याची मागून पुढे. एक हललं की दुसरं हलतं, कास्टर लावला की टो बिघडतो, टो लावला की पुन्हा दोरीपाशी. ओतोसान पाना फिरवायचे आणि मी दोरीवर डोळा लावून सांगायचे. या वेळी मी वाचत नव्हते. पुस्तक घरातच ठेवलं होतं.

किन्मोकुसेईची फुलं वाऱ्याने उडून बॉनेटवर पडत होती, ग्रीसला चिकटत होती. तेवढ्यात मला आठवलं की आज दसरा, आणि हत्यारांची पूजा राहिली. मी पाने, दोरी, लेव्हल, सगळं पाटावर मांडलं. झेंडू इथे फुलवाल्याकडे मिळत नाही. होम सेंटरमधून कुंडीच आणली होती, तिची फुलं तोडली. हळद, कुंकू. ओतोसान हात पुसून शेजारी उभे राहिले आणि सांगण्याआधीच टाळ्या वाजवून वाकले, देवळात वाकतात तसे. अवजारांचे आभार मानायचे असतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. फक्त मी चाकाखाली लिंबू ठेवायला गेले तेव्हा ते कळवळले.

"नंदा-सान, आत्ता नको! माप झाल्यावर!"

"शुभ असतं, ओतोसान."

"शुभ असेल. पण एका बाजूने उंच होईल."

माप झाल्यावर लिंबं ठेवली, दोन्ही चाकांखाली, त्यांनी स्वतः. तीसुद्धा सारख्या आकाराची निवडून. ग्रीस माखलेल्या टाइल्स कुठल्या कचऱ्यात टाकायच्या यावर मात्र आमचं पुढे आठवडाभर एकमत झालं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत बंदराकडच्या रस्त्यावर गेलो. ओतोसान चालवत होते, मी शेजारी. रस्ता मोकळा झाला तेव्हा त्यांनी बोटं उचलली. स्टिअरिंगपासून जरा वर, वाफाळत्या कपावर धरावीत तशी. म्हैस सरळ गेली. गेली, गेली, पुढच्या सिग्नलपर्यंत गेली. मी श्वास सोडला. ते एवढंच म्हणाले, "ताकेशीला बोलावू."

ताकेशी ऑफिसमधून थेट आला, टाय सैल करत गाडीत बसला. मी फुटपाथवर उभी राहिले. म्हैस लांब गेली, वळून आली. ताकेशी उतरला, दार लावलं, वडिलांकडे न बघता म्हणाला, "सरळ जाते." मग पुन्हा, आणखी हळू, "सरळ जाते, तोसान." माझा नवरा याहून मोठी माफी कधी मागेल असं वाटत नाही, आणि त्याच्या बापाला याहून मोठी नकोही होती.

शाकेन झालं. फलकावर गोल उमटला. घरी येताना ओतोसाननी गोड रताळी घेतली, भाजलेली, सगळ्यांना.

आणि नोव्हेंबरात, झाडाखालची वाळकी फुलं पावसाने धुऊन गेल्यावर, ते एका सकाळी पोलीस ठाण्यात गेले आणि लायसन परत करून आले.

मी अशी भडकले! "कशाला? आता तर सिद्ध झालं ना? गाडीची चूक होती, तुमची नव्हती!"

"हो," ते म्हणाले. कप टेबलावर ठेवला. "या वेळी माझी नव्हती. म्हणून आत्ता दिलं. माझी होईल त्या दिवशी मला कळेलच असं नाही."

मी ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी आपटली. ताकेशी मान खाली घालून बसला होता. मग ओतोसान म्हणाले, "म्हैस मात्र विकायची नाही." त्यांनी तिची किल्ली माझ्यापुढे सरकवली. म्हैस हा शब्द त्यांनी मराठीतच म्हटला, आणि तो त्यांनी कधी उचलला होता मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून म्हैस मी चालवते. ओतोसान उजवीकडे बसतात. पार्किंगच्या फाटकाची यंत्रं सगळी उजव्या बाजूला, तेव्हा तिकीट घ्यायचं काम त्यांचं. ते हात बाहेर काढून तिकीट असं घेतात की मशीनलाही कळू नये.

आज सकाळी वास आला, आणि जेवणं आटोपून आम्ही टाइल्स, दोरी, लेव्हल बाहेर काढली. चाकं पाहिली. फारसं काही हललं नव्हतं. मग चक्कर मारायला निघालो. खाली शाळेच्या चौकात पिवळा झेंडा घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारे एक आजोबा असतात, ओनो-सान. ओतोसानच्याच वयाचे, बंदरात बरोबर होते. त्यांनीही लायसन परत केलंय. आम्ही थांबलो. त्यांनी म्हैस पाहिली, उजव्या खिडकीतला चेहरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अजून चालवता! वा! शाब्बास!" त्यांनी झेंडा खाली करून कमरेत वाकून नमस्कार केला.

मी ओतोसानकडे पाहिलं. हा माणूस शेजाऱ्याने तारीख एका दिवसाने चुकवली तरी दुरुस्त करतो. लिंबं सारख्या आकाराची निवडतो. आता सांगतील, नाही हो, सून चालवते.

ओतोसाननी गुडघ्यांवरचे हात उचलले, समोर धरले, जिथे स्टिअरिंग असायला हवं तिथे, आणि ओनो-सानना वाकून नमस्कार केला.

मी सीटमध्ये खाली सरकले, डोकं दिसू नये इतकी, आणि गाडी सरळ पुढे काढली.